नारळ फोडण्यापलीकडे पंतप्रधान काय करतात?

मागच्या अंकात पाषाण रोडबद्दल लिहिताना मी एक ओळ टाकली होती, की एनसीएलचं म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन नेहरूंनी ३ जानेवारी १९५० ला केलं. एकच ओळ हो! पण त्यावर इतके मेल आणि पत्रं आली की संपादक म्हणाले आता हा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाका. अर्धे लोक म्हणतायत नेहरू नसते तर देशात विज्ञानच नसतं, उरलेले अर्धे म्हणतायत नुसत्या फिती कापल्या. शिव्या असलेली पत्रं बाजूला ठेवली आहेत, बाकीच्यातली काही घेते.

प्रश्न : मॅडम, एनसीएल तर इंग्रज असतानाच ठरलेली होती. सीएसआयआरपण इंग्रजांचीच. मग नेहरूंनी नारळ फोडण्यापलीकडे केलं काय? (एक वाचक, पाषाण, पुणे)

काका, तुमचं निम्मं एकदम बरोबर आहे. सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, ही संस्था सप्टेंबर १९४२ ची, दुसरं महायुद्ध चालू होतं आणि इंग्रजांना इथल्या इथे रसायनं, तेलं, कायकाय लागत होतं म्हणून ती निघाली. एनसीएलची कोनशिलासुद्धा एप्रिल १९४७ मध्ये बसली, आणि ती बसवली बाळासाहेब खेरांनी, मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री म्हणून. म्हणजे स्वातंत्र्याच्या चार महिने आधीच पाषाणच्या माळावर खड्डा खणून झालेला होता.

पण कोनशिला बसणं आणि आतल्या नळाला गॅस येणं यात किती अंतर असतं हे कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या माणसाला विचारा, अर्धवट बांधकामांचे सांगाडे प्रत्येकाने बघितलेत. १९४७ नंतरची ती दोन-तीन वर्षं आठवा जरा. फाळणी, लाखो निर्वासित, काश्मीर, धान्याचं रेशनिंग. अशा वेळी फायनान्सवाला कोणीही म्हणाला असता की प्रयोगशाळा पाच वर्षांनी बघू, आणि त्याचं काही चुकलं पण नसतं. तसं झालं नाही, कारण वैज्ञानिक संशोधनाचं खातं पंतप्रधानांनी स्वतःकडे ठेवलं होतं आणि सीएसआयआरचे अध्यक्ष पण तेच. त्यामुळे शांतिस्वरूप भटनागर, जे सीएसआयआर चालवत होते, त्यांची फाईल अडली की ती कुठे अडली हे विचारणारा माणूस डायरेक्ट पंतप्रधान. भटनागर १९५५ च्या १ जानेवारीला गेले, तोपर्यंत डझनभर प्रयोगशाळा उभ्या होत्या. इमारत नसेल तर राजवाडा घ्यायचे! लखनौची औषध संशोधन संस्था नवाबांच्या छत्तर मंझिलमध्ये सुरू झाली, म्हैसूरची अन्न तंत्रज्ञानाची संस्था तिथल्या राजघराण्याच्या चेलुवांबा महालात.

आणि एकट्या जानेवारी १९५० कडे बघा ना. ३ तारखेला पुण्यात एनसीएल, त्याच सुमाराला पुण्यातच सायन्स काँग्रेस भरलेली, अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस. ११ ला कलकत्त्यात भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या न्यूक्लियर फिजिक्स इन्स्टिट्यूटचं उद्घाटन, करायला कोण आलं तर मादाम क्युरींची मुलगी इरेन जोलिओ-क्युरी. २१ ला दिल्लीत एनपीएल म्हणजे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, तिथे फीत सरदार पटेलांनी कापली. आणि राज्यघटना लागू व्हायची तारीख २६! म्हणजे देश अजून प्रजासत्ताक पण झाला नव्हता.

आता जाता जाता एक गंमत. एनसीएलचे पहिले डायरेक्टर अमेरिकेच्या स्टॅनफर्डमधले जेम्स मॅकबेन, दुसरे जॉर्ज फिंच, आणि हे फिंच म्हणजे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनची नळकांडी पाठीवर घेऊन तेव्हाच्या सगळ्यात उंच ठिकाणी पोचलेले गिर्यारोहक. पाषाणला असताना ते चतुःशृंगीवर जायचे का माहीत नाही, पण जायला हरकत नव्हती. पहिले भारतीय डायरेक्टर वेंकटरामन, १९५७ मध्ये, मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या विभागातून आलेले. सांगायचा मुद्दा, इंग्रजांना नुकतंच घालवलेल्या पंतप्रधानाने गोऱ्या माणसाला प्रयोगशाळेचा प्रमुख करणं ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती, आज कोणी केली तर टीव्हीवर आठवडाभर चर्चा चालेल. तेव्हा काका, नारळ त्यांनी फोडलाच, पण नारळाच्या आधीची आणि नंतरची जी कंटाळवाणी कामं असतात ती पण केली, आणि माझ्या मते मोठी तीच.

प्रश्न : नेहरूंना स्वतःला सायन्स किती कळायचं? ते तर बॅरिस्टर होते ना? (बारावी सायन्सचा विद्यार्थी, नाशिक)

बॅरिस्टर नंतर झाले. त्याआधी १९०७ ते १९१० केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात नॅचरल सायन्सेस केलं, विषय केमिस्ट्री, जिऑलॉजी आणि बॉटनी. सेकंड क्लास मिळाला. म्हणजे बाळा, तुझ्या आईला सांग की सेकंड क्लासवाला पण पंतप्रधान होऊन प्रयोगशाळा काढू शकतो (तरी अभ्यास कर).

सिरियसली सांगायचं तर त्यांना आजच्या अर्थाने काही सखोल सायन्स येत नव्हतं आणि येतं असा आव पण त्यांनी आणला नाही. त्यांना काय कळायचं, तर कोणाला विचारायचं ते कळायचं. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा, भटनागर, महालनोबीस, भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन, ही माणसं निवडली आणि मग त्यांना वेळ दिला. १९४७ च्या जानेवारीत दिल्लीच्या सायन्स काँग्रेसचे तर ते स्वतःच अध्यक्ष होते, आणि पुढेही जवळजवळ दरवर्षी जानेवारीत तिथे हजर. आता पंतप्रधानाचा एक दिवस म्हणजे काय असतो, बघ विचार करून. नुसतं ‘पाठिंबा आहे’ म्हणायला पैसे पडत नाहीत, दिवस द्यायला पडतात.

प्रश्न : आमच्या नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी पुस्तक लिहिलं हे माहितीये. पण ‘सायंटिफिक टेंपर’ हा शब्द त्याच पुस्तकातला का? आणि तो घटनेत नेहरूंनीच घातला का? (एक वाचिका, अहिल्यानगर)

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही.

ऑगस्ट १९४२ ला पकडून आणल्यापासून मार्च १९४५ पर्यंत ते तुमच्या किल्ल्यात होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिलं, हाताने लिहिलेली हजारेक पानं, आणि बरोबर कोण तर मौलाना आझाद, पंत, नरेंद्र देव, असफ अली, ज्यांच्याशी रोज वाद घालता यायचा. आपले शंकरराव देव पण त्याच कोठडीच्या रांगेत. त्या पुस्तकात सायंटिफिक टेंपरवर जे लिहिलंय ते आजही वाचण्यासारखं आहे, कारण त्यात यंत्रं आणि धरणांपेक्षा भर सवयीवर आहे : नवा पुरावा आला की जुनं मत सोडायची तयारी, तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, वगैरे.

घटनेत मात्र हे आलं १९७६ ला, बेचाळिसाव्या दुरुस्तीत, मूलभूत कर्तव्यांमध्ये, कलम ५१ क. तेव्हा नेहरूंना जाऊन बारा वर्षं झाली होती. आणीबाणीतली दुरुस्ती आहे ती, म्हणजे प्रश्न विचारायची सवय हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं गेलं तेव्हा प्रश्न विचारणारे बरेच लोक जेलमध्ये होते. असो.

प्रश्न : मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली. आमच्याकडे पेन्सिल घ्यायची तरी तीन सह्या. आणि होमी भाभा म्हणे थेट पंतप्रधानांना पत्र लिहून अणुखातं मिळवतात. हा वशिला नाही का? (निवृत्त कर्मचारी, डोंबिवली)

साहेब, हा खरा प्रश्न. यावर मी जरा लांब लिहिणारे.

आधी हकिगत. भाभांनी १९४४ च्या मार्चमध्ये टाटांच्या ट्रस्टला पत्र लिहिलं, की मूलभूत संशोधनाची एक चांगली शाळा इथे काढू, म्हणजे उद्या अणुऊर्जा आली की तज्ज्ञ बाहेरून आणायला नकोत. त्यातून १९४५ मध्ये टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, निघाली, आधी बंगलोर आणि मग त्याच वर्षी मुंबईत, पेडर रोडवरच्या एका बंगल्यात. पैसा टाटांचा आणि मुंबई सरकारचा. म्हणजे सुरुवातीला नेहरू चित्रात नव्हतेच.

ते आले एप्रिल १९४८ ला. त्या महिन्यात अणुऊर्जा कायदा झाला आणि भाभांनी त्यांना एक टिपण पाठवलं. त्याचा आशय असा, की हे काम अगदी छोट्या, साधारण तीन माणसांच्या मंडळाला द्या, त्यांना अधिकार द्या, आणि मंडळ जबाबदार फक्त पंतप्रधानांना, मध्ये एकही कडी नको. तुमच्या तीन सह्यांच्या बरोब्बर उलट! ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग झाला, त्यात भाभा, भटनागर आणि कृष्णन, तीनच माणसं. १९५४ ला वेगळा अणुऊर्जा विभाग झाला, तोही पंतप्रधानांकडे, आणि त्याचं ऑफिस दिल्लीला नाही तर मुंबईला. सचिव भाभाच. केंद्र सरकारचा एक विभाग दिल्लीच्या बाहेर बसतो हे तुम्हाला जास्त कळेल किती अवघड असतं. पत्रात भाभा नेहरूंना ‘माय डियर भाई’ लिहायचे आणि नेहरू त्यांना ‘माय डियर होमी’. आता याला वशिला म्हणायचं तर म्हणा, मी नाही अडवत.

पण हिशोब दोन्ही बाजूंनी मांडू. जमेला काय? ट्रॉम्बेला अप्सरा नावाची अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, सोव्हिएत युनियन सोडला तर आशियातली पहिली, इंधन ब्रिटनचं पण बांधली आपल्या लोकांनी. पाण्याच्या टाकीत बुडवलेली भट्टी, चालू असली की पाण्यात निळा प्रकाश दिसतो, अप्सरा हे नाव नेहरूंनीच दिलं. शिवाय टीआयएफआरमध्ये गणित, कॉस्मिक किरण, आणि कॉम्प्युटर सुद्धा! टीआयएफआरने स्वतः बांधलेला कॉम्प्युटर १९६० ला चालू झाला, आणि १९६२ च्या जानेवारीत कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला नेहरू आले तेव्हा त्याचं बारसं पण त्यांनीच केलं, टिफ्रॅक. कोनशिलेला पण तेच आले होते, १ जानेवारी १९५४. कोनशिला आणि उद्घाटन एकाच माणसाच्या हातून होणं, म्हणजे आठ वर्षं एखाद्या गोष्टीच्या मागे राहणं, आपल्याकडे किती वेळा होतं?

आणि खर्चाला काय? मधल्या कड्या काढल्या की लाच आणि उशीर जातात तसे प्रश्न विचारणारे पण जातात ना. १९४८ च्या कायद्यात गुप्तता ठासून भरलेली होती. संविधान सभेत एका सदस्यांनी विचारलं की इंग्लंडमध्ये गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, मग आपल्याकडे शांततेच्या संशोधनाला पण का? त्यावर नेहरूंचं म्हणणं असं होतं, की या दोन्हीतला फरक करायचा कसा तेच कळत नाही. प्रामाणिक उत्तर होतं, पण धोकादायक पण होतं, कारण त्यानंतर अणुखात्याला संसदेत कोणी नीट उलटतपासणी करूच शकलं नाही. मे १९५४ मध्ये लोकसभेत मेघनाद साहांनी प्रयत्न केला. साहा म्हणजे काही लुंगेसुंगे नव्हेत, ताऱ्यांच्या प्रकाशावरून तिथलं तापमान आणि आयनीकरण काढायचं समीकरण ज्यांच्या नावाने जगभर शिकवतात ते साहा, आणि १९५२ ला कलकत्त्यातून अपक्ष निवडून आलेले खासदार. शिवाय १९३८ मध्ये सुभाषबाबूंनी राष्ट्रीय नियोजन समिती काढली आणि नेहरू तिचे अध्यक्ष झाले, त्यामागे मोठा रेटा साहांचाच होता. तर हा माणूस म्हणत होता, की एवढी गुप्तता नको, विद्यापीठांना यात घ्या. ऐकलं गेलं नाही. कारण ‘भाई’ म्हणणारे दुसरे होते.

माझं मत विचाराल तर असं, की मधली कडी काढली म्हणून नेहरूंना दोष देऊ नये. दोष असला तर तो एकाच माणसासाठी काढल्याचा आहे. साहांनाही तशीच थेट वाट मिळाली असती तर अणुखात्याला घरातच एक चांगला टीकाकार मिळाला असता. तुमच्या तीन सह्यांपैकी एक तरी सही अशा माणसाची पाहिजे ज्याला ‘नाही’ म्हणता येतं.

प्रश्न : भाभांच्या गोष्टी सांगताना आमच्या कोसंबींना सगळे का विसरतात? (एक गोंयकार, मडगाव)

विसरले नव्हते, वाटच बघत होते कोणी विचारतंय का!

दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातलं कोसबें गाव. मराठी वाचकांना त्यांचे वडील धर्मानंद जास्त ओळखीचे, बौद्ध साहित्यामुळे. दामोदर गणिती. त्यांना टीआयएफआरमध्ये भाभांनीच बोलावलं अगदी सुरुवातीच्या दिवसांत. राहायचे पुण्यात आणि कुलाब्याला नोकरीला डेक्कन क्वीनने जायचे-यायचे, गाडीत लिखाण-वाचन चाललेलं. आणि हा माणूस भाभांच्याच संस्थेत बसून उघड सांगायचा की भारतासारख्या देशाला अणुवीज परवडणार नाही, आपल्याकडे ऊन फुकट पडतंय, पैसा सौरऊर्जेवर घाला. १९६० मध्ये पुण्यात रोटरीच्या लोकांपुढे यावर अख्खं भाषण दिलं. १९६०! तेव्हा सोलर म्हटलं की लोकांना गच्चीवरचे पापड आठवत असतील.

१९६२ मध्ये टीआयएफआरने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. कारणं बरीच सांगतात, त्यातलं अणुऊर्जेवरचं बोलणं किती आणि गणितातले वाद किती यावर मी पैज लावणार नाही. पण वर डोंबिवलीच्या साहेबांना जे सांगितलं त्याला धरूनच आहे हे. संस्थेच्या वर दुसरं कोणी नाही, आणि संस्थेचा प्रमुख थेट पंतप्रधानांच्या जवळचा, तर मग संस्थेतल्या माणसाने दाद कुणाकडे मागायची? कोसंबी १९६६ ला गेले, वय ५८. भाभा त्याच वर्षी जानेवारीत, विमान अपघातात. आता गोव्यात कोसंबींच्या नावाने विचारांचा महोत्सव भरतो हे चांगलंय, तुम्ही जाताच असाल.

प्रश्न : मी ग्रामीण भागात कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या लॅबमध्ये तीस वर्षांपूर्वीचा स्पेक्ट्रोमीटर आहे. प्रयोगशाळांना एवढं सगळं दिलं मग कॉलेजं-विद्यापीठं का मागे राहिली? यात नेहरूंचा हात किती? (एक प्राध्यापक, लातूर जिल्हा)

सर, हात आहे. नाही म्हणता येणार नाही.

तेव्हा निर्णय असा झाला, की संशोधन राष्ट्रीय प्रयोगशाळांत आणि शिकवणं विद्यापीठांत. घाई होती, पैसे थोडे होते, आणि विद्यापीठं राज्यांच्या अखत्यारीत, तिथली भांडणं वेगळी. त्यामुळे नवीन जागी नवीन संस्था काढणं सोपं पडलं. पण झालं काय, चांगली माणसं प्रयोगशाळांत गेली जिथे विद्यार्थी नाहीत, आणि विद्यार्थी राहिले कॉलेजात जिथे उपकरणं नाहीत. साहा हेच ओरडून सांगत होते. सी. व्ही. रामन तर चिडलेलेच होते, त्यांनी बंगलोरला स्वतःची संस्था काढली आणि सरकारी पैसे नको म्हणाले. देशात जिकडे तिकडे निघणाऱ्या प्रयोगशाळांना ते ‘नेहरू-भटनागर इफेक्ट’ म्हणायचे असं सांगतात, म्हणजे रामन इफेक्टवाल्यानेच मारलेला टोमणा!

पुण्यातच बघा की. पुणे विद्यापीठ १९४९ चं, गणेशखिंडीत, आणि एनसीएल १९५० ची, पाषाणला. सायकलने वीस मिनिटं. एका बाजूला हजारो विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला चकाचक उपकरणं. पीएचडीच्या निमित्ताने येणं-जाणं होतं, नाही असं नाही, पण बीएस्सीच्या पोराला ते गेट कायम बाहेरूनच दिसलं. शेवटी २००६ मध्ये आयसर ही विज्ञानाची नवी संस्था काढावी लागली, जिथे संशोधन करणारेच पहिल्या वर्षापासून शिकवतात, आणि ती कुठे तर एनसीएलला लागूनच. मधल्या ५६ वर्षांत तुमच्यासारख्या किती सरांनी त्याच जुन्या स्पेक्ट्रोमीटरवर पोरांना सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा दाखवल्या त्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

एक मात्र त्यांच्या बाजूने सांगते. मार्च १९५८ मध्ये त्यांनी लोकसभेत विज्ञान धोरणाचा ठराव स्वतः वाचून दाखवला, छोटासाच आहे. त्यात शुद्ध, उपयोजित आणि शैक्षणिक असं तिन्ही प्रकारचं संशोधन वाढवायचं लिहिलंय. शैक्षणिक हा शब्द आहे तिथे. कागदावर होतं सर.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय की इस्रो नेहरूंनी काढली, आणि दुसरा की इस्रो १९६९ ची आणि नेहरू १९६४ ला वारले, त्यामुळे हे खोटं. नक्की काय? (एक वाचक, कोल्हापूर)

दोन्ही फॉरवर्डवाल्यांना एका खोलीत बसवा.

इस्रो या नावाची संस्था १५ ऑगस्ट १९६९ ची, हे खरं. पण तिची आधीची समिती, इन्कोस्पार, १९६२ ची, अणुऊर्जा विभागाखाली, विक्रम साराभाई प्रमुख. केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं २१ नोव्हेंबर १९६३ ला, तेव्हा नेहरूच पंतप्रधान होते. रॉकेट अमेरिकन होतं, नाइकी-अपाची, आणि ऑफिस चर्चमध्ये. तुमच्या कोल्हापूरला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्या समितीचे सदस्य-सचिव एकनाथ चिटणीस, जन्म कोल्हापूरचा, आणि थुंब्याची जागा शोधण्यातही ते होते. ते गेल्याच वर्षी, म्हणजे २०२५ ला, शंभरी गाठून गेले. फॉरवर्ड करायचंच तर हे करा ना.

प्रश्न : धरणांना ‘आधुनिक भारताची मंदिरं’ म्हणाले की प्रयोगशाळांना? पैज लागली आहे. (दोन मित्र, चिंचवड)

ते भाक्रा-नांगलच्या वेळचं, १९५४. धरणवाला जिंकला. हरलेल्याने मिसळ द्यावी.

प्रश्न : नेहरू पुरे झाले. बाकीच्या पंतप्रधानांनी काहीच केलं नाही का? आणि आत्ता काय चाललंय? (एक वाचक, सिंगापूर)

केलं ना. शास्त्रींच्या काळात सी. सुब्रमण्यम शेतीमंत्री होते, तेव्हा मेक्सिकन गव्हाचं बियाणं आणायचा निर्णय झाला आणि १९६६ ला १८,००० टन आलं, हे राजकीय धाडस प्रयोगशाळेपेक्षा कमी नाही. इंदिरा गांधींच्या काळात विज्ञान-तंत्रज्ञान विभाग १९७१ ला आणि अंतराळ विभाग १९७२ ला झाला, तोही भाभांच्याच साच्यातला, थेट पंतप्रधानांकडे. राजीव गांधींच्या वेळी अमेरिकेने हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली, म्हणून १९८८ ला पुण्यात सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र निघालं, विजय भटकरांनी १९९१ ला परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर करून दाखवला. वाजपेयींनी पोखरणनंतर ‘जय जवान, जय किसान’ला ‘जय विज्ञान’ जोडलं, मोदींनी २०१९ ला जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये ‘जय अनुसंधान’.

आत्ताचं म्हणाल तर २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला. गंमत बघा, याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष कोण तर पदसिद्ध पंतप्रधान. म्हणजे पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा तेच सूत्र. पाच वर्षांत ५०,००० कोटींचं गणित मांडलंय, पण त्यातले जवळजवळ ३६,००० कोटी सरकारबाहेरून, उद्योगांकडून वगैरे येतील असं धरलंय, आणि आपले उद्योग संशोधनाला हात किती सैल सोडतात ते तुम्हाला सिंगापूरला बसूनही दिसत असेल. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के. चीन दोन टक्क्यांच्या वर आहे, कोरिया चारच्याही वर. नवीन फाउंडेशनचा एक उद्देश चांगला आहे, राज्यांच्या विद्यापीठांना आणि कॉलेजांना पैसे पोचवणे. लातूरच्या सरांना नवीन स्पेक्ट्रोमीटर मिळाला की मी इथे छापीन.

प्रश्न : माझी मुलगी एका सरकारी संस्थेत पीएचडी करतेय, ज्युनियर फेलोशिपचे महिन्याचे ३७,००० मंजूर आहेत पण पाच महिने झाले आले नाहीत. पंतप्रधानांना पत्र लिहू का? (एक आई, सांगली)

ताई, लिहा, पण आधी दोन कामं करा. मुलीला विचारा की तिचा क्लेम गाईडच्या सहीने संस्थेच्या अकाउंट्समधून पुढे गेलाय का, आणि गेला असेल तर त्याची तारीख आणि नंबर लिहून घ्या, कारण निम्म्या केसेसमध्ये कागद संस्थेच्याच कपाटात असतो आणि आपण दिल्लीला शिव्या घालत बसतो. दुसरं म्हणजे बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते बघा, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे सारखं पाहिजे. हे सगळं ठीक असेल तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, तक्रार टाका, मंजुरीच्या पत्राची कॉपी जोडून. त्याचा नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

आणि पंतप्रधानांच्या वेबसाइटवर ‘पंतप्रधानांना लिहा’ असं आहे, तिथूनही पाठवता येईल. फक्त एवढं माहीत असू द्या, की तिथे लिहिलेलं पण त्याच पोर्टलवर जातं आणि फिरून ज्या विभागाने पैसे अडवलेत त्याच विभागाच्या टेबलावर येतं. दोन्हीकडे टाका, आणि पैसे आले की कळवा.